माळ्यावरचं वजन

आमच्या ऑफिसात रीत होती. एकानं बांधकामाचं डिझाइन करायचं आणि दुसऱ्यानं त्याची उत्तरं झाकून सगळी गणितं परत मांडायची. आकडा जुळला की लाल पेन्सिलीनं खूण. हे दुसऱ्याचं काम माझं. मी लई खवट होतो त्यात, डिझाइन करणारे माझ्या टेबलाकडं यायला कंटाळायचे. दर खंडेनवमीला ती लाल पेन्सिल मी वडगावात आक्काच्या घरी न्यायचो. विणकराचं घर. मागाशेजारी पाटावर माझी पेन्सिल पण पूजेला असायची, आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

ऐंशी सालाच्या आसपास दाजींनी जुनं कौलारू घर पाडून वर स्लॅबचा मजला घ्यायचं ठरवलं. आक्का म्हणाली, "दुसऱ्या कुणाकडं न्हाय. तुझ्या ऑफिसातच करू, आणि तू स्वतः बघ."

बघितलं की. तीन दिवस लावले. तुळईत एक सळई कमी पडत होती ती पकडली, सहकाऱ्याला चार शब्द सुनावले आणि ऐटीत सही ठोकली.

डिझाइनच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं, कुठल्या मजल्यावर काय वजन येणार. तिथं होतं, वरचा मजला राहण्यासाठी, म्हणजे माणसं आणि घरसामान एवढंच वजन. नकाशात मात्र वर एकही भिंत नव्हती, नुसता लांबच्या लांब हॉल. कुणाही परक्याला शंका आली असती. मला आली नाही, कारण माझा जन्मच मागाच्या घरातला. आमचा माग म्हणजे जमिनीत खड्डा आणि त्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला बाप. माग जिना चढून वर जाईल, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. वाटलं, सूत वाळवायला मोकळी जागा ठेवली असेल. त्या ओळीपुढं मी खूण केली, आणि त्या चुकीच्या वजनावर पुढची सगळी गणितं अगदी बरोबर तपासली.

वास्तुशांतीनंतर मी निपाणीला तंबाखूच्या एका वखारीच्या कामावर अडकलो. कितीतरी महिन्यांनी वडगावात गेलो, तर धडधड गल्लीतच ऐकू आली. दाजींनी हातमाग मोडून वर चार यंत्रमाग बसवले होते. खाली स्वयंपाकघरात आक्का भाकरी थापत होती आणि तिच्या शेजारच्या तांब्यातलं पाणी थरथरत होतं. मी दाजींना खाली बोलावून घेतलं.

"दाजी, वर माग बसवणार हे सांगितलं का न्हाय?"

"त्यात सांगायचं काय? विणकराच्या घरात माग न्हाय तर काय असणार? तुला म्हाईत न्हाय व्हय?"

माहीत असायलाच पाहिजे होतं. आक्काला म्हटलं, इथनं चूल हलव. ती म्हणाली, "का रं? तू तपासलाय म्हणून तर मी बिनघोर झोपते."

भिंतीपासून भिंतीपर्यंत सुतळी ताणून बघितली. स्लॅब मध्ये दोन बोटं खाली आला होता. तेव्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, चूक माझी आहे, माग उतरवा. दाजींनी दोन उतरवले, ते परड्यात गंजत पडले. उरलेले दोन थांबवले तर चूल पेटणार नव्हती, ते चालूच राहिले. मी खानापूरहून लाकडाचे वासे आणून आक्काच्या स्वयंपाकघरात सहा टेकू ठोकले. तात्पुरते आहेत, म्हणालो. ते कायमचेच झाले. ती त्यांच्यातनं वाट काढत स्वयंपाक करायची, आणि मी दर खेपेला सुतळी ताणून स्लॅब बघायचो.

पुढच्या खंडेनवमीला मी हात हलवतच गेलो.

"पेन्सिल कुठाय?" आक्कानं विचारलं.

"राहिली."

मागाची पूजा झाल्यावर ती ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि एकेका टेकूला हळदकुंकू लावायला लागली. सहाव्यापाशी थांबली. माझ्याकडं न बघता म्हणाली,

"सुतळी घेऊन येत जाऊ नकोस आता. आमी हेंच्यावर भरवसा ठेवलाय."