फळीला टेकलेले पाय

सक्करदऱ्यातल्या गोपिकाबाई भोंगाडे ब्लाउज शिवतात, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी मशीन बंद करून त्या दार लोटून घेतात आणि टेबलाखाली पाय पसरून बसतात, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

कारण होतं त्यांची मुलगी हर्षा. सकाळी स्कूटीने चौकात जाऊन ती बुटीबोरीच्या कंपनीची बस धरायची, आणि परतली की चहाआधी मोटारींच्या शर्यतीच्या खेळाला बसायची. कापड बेतायच्या टेबलाला स्टिअरिंग आवळलेलं, समोर स्क्रीन, खाली फळीवर बसवलेली पेडलं. फरशी गुळगुळीत. ब्रेक जोरात दाबला की फळी पुढे सरकायची. गव्हाचं पोतं आड लावलं, तर तेही सरकलं. शेवटी गोपिकाबाईंनी भिंतीला पाठ लावली आणि दोन्ही तळवे फळीला टेकवले. जन्मभर पायमशीन चालवलेले पाय ते. फळी तसूभर हलली नाही.

"खोटी गाडी अन् खरा घाम!" त्या म्हणाल्या.

"खोटी नाही वं आई. ठरलेल्या वेळेत फेरी बसली तर खेळवाले कोइम्बतूरच्या ट्रॅकवर खरी शर्यतीची गाडी चालवाले बोलावतीन."

त्या दिवसापासून 'खरी गाडी' हे दोन शब्द गोपिकाबाईंच्या मनातून जाईनात.

तिथून स्क्रीन दिसत नसे. दिसत ते फक्त लेकीचे पाय. फेरी त्यांना तळव्यांतून कळायची. सरळ रस्ता आला की फळी शांत, वळण आलं की धक्का. एक वळण मात्र वेगळं होतं. लांबलचक सरळ रस्त्यानंतर डावीकडे, बाहेरच्या बाजूला काँक्रीटची भिंत. ते यायच्या आधी हर्षाच्या पायाची बोटं आखडायची आणि गोपिकाबाईंना उमरेड रोडवरचं वळण आठवायचं. त्यांचे यजमान देवराव तिथेच टेम्पोसकट गेले होते. ब्रेक लागलाच नाही, असं लोक म्हणाले. त्यानंतर त्या रस्त्याला गोपिकाबाई गेल्या नव्हत्या.

फेरीला ठरलेल्या वेळेपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागत होता. खेळ शिकवणारा सुशील फोनच्या स्पीकरवरून बोलायचा. एकदा तो म्हणाला, "हर्षा, भिंतीच्या वळणावर तू ब्रेक घाबरत दाबतेस. आधी हळू, मग जोरात. उलट कर. पहिल्याच क्षणी पूर्ण दाब, मग स्टिअरिंग वळवशील तसतसा पाय सोडत जा. आणि भिंतीकडे बघू नकोस. वळण संपतं तिथे बघ."

"मी जोरातच दाबून राहिली!"

"आलेखात दिसत नाही ते. हे पेडल दाब मोजतं. बाकी वळणांवर दाब चढतो, इथेच खचतो."

टेबलाखाली गोपिकाबाईंनी ते ऐकलं. पुढच्या फेरीला त्यांनी आपल्याच पायांवर लक्ष ठेवलं. भिंतीचं वळण आलं, फळीवर भार आला, आणि त्यांचे स्वतःचे गुडघे वाकले. मागून कुणी ढकलल्यासारखे, आपोआप; फळी त्यांच्याकडे बोटभर सरकली आणि दाब तिथेच खचला.

हे आता त्यांना कळलं होतं. सांगता आलं असतं. पण कोइम्बतूरचा रस्ता त्या अर्ध्या सेकंदावर अडला होता, आणि तो अर्धा सेकंद त्यांच्या गुडघ्यांत होता. दुसऱ्या संध्याकाळी गुडघे वाकले ते आपोआप नव्हे.

हर्षा चिडेनाशी झाली, हे वाईट होतं. एकदा स्टिअरिंगवर कपाळ टेकवून ती म्हणाली, "माह्या पायातच भेव आहे वं. बाबाचंही असंच झालं असन. ब्रेक होता, पाय गेला नसन त्यायचा."

"काहीही बोलते!"

"काहून? आज चौकात गाय आडवी आली. मी ब्रेक दाबून राहिली अन् मनात आलं, लागनच नाही आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटीचा आवाज गल्लीच्या टोकाला विरला, तरी गोपिकाबाई दारात उभ्याच. लेकीचा ब्रेकावरचा भरवसा त्यांनीच काढून घेतला होता. खेळातली भिंत कागदाइतकीही खरी नव्हती; चौक खरा होता.

रविवारी फेरीची वेळ नोंदवायच्या मुदतीचा शेवटचा दिवस. दुपारी दोघी आपापल्या जागी बसल्या. गोपिकाबाईंनी पाठीमागे उशी कोंबली, पदर दातांत धरला. सरळ रस्ता आला. फळी शांत. लेकीची बोटं आखडली. देवरावांचा टेम्पो, काचा, उलटी चाकं, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. गुडघ्यांनी वाकायला घेतलं आणि त्यांनी ते दाबून सरळ केले.

धक्का मांडीपर्यंत चढला. फळी हलली नाही. मग दाब हळूहळू उतरत गेला, जसा त्या स्वतः ब्लाउजच्या गळ्याच्या गोलाईवर मशीनवरचा पाय सैल करत.

"आई! बसली! बसली वं वेळ!" हर्षा टेबलाखाली वाकली. "अजून बसून काहून राहिली तू?"

"मुंग्या आल्या पायाले." त्यांनी पदर सोडला. "त्या खऱ्या गाडीत... पेडल सरकत नाही नं?"

"बोल्टानं आवळलं असते. तिथं कोणाले मागं बसाची गरज नाही."

"बरं," गोपिकाबाई म्हणाल्या.

हर्षा सुशीलला फोन लावायला अंगणात पळाली. गोपिकाबाईंचे तळवे अजून फळीलाच टेकलेले होते.