एका तांब्यात धुतलेली गाडी

माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा भिंगारात तीन दिवस टँकर आला नव्हता. घरात अर्धं पिंप पाणी होतं. पाहुण्यांच्या गाडीचा ड्रायव्हर दारात येऊन म्हणाला, “मावशी, गाडी धुवायला पाणी द्या.”

मी पिंपाच्या झाकणावर हात ठेवला. “किती?”

“एक तांब्या.”

मला खरं वाटेना. तांब्या भरून दिला आणि पुन्हा झाकणावर हात ठेवून बघत राहिले. त्यानं ओलं फडकं पिळून आधी धूळ भिजवली. मग दुसऱ्या फडक्याची घडी घालून टपापासून खाली हलक्या हातानं पुसत आला. एक बाजू मळली की घडी उलटायचा.

“आमच्या राहुरीला धरण हाय, तरी मी असंच धुतो,” तो म्हणाला. “मळकं फडकं घासलं की चरे पडत्यात, मावशी. पाणी कितीबी वता.”

मी झाकण सोडलं आणि पहिला चहा त्यालाच दिला. सोयरीक काही जमली नाही, पण पाहुण्यांना पाणी पुरलं.