बंबाला टाळ्या

कृतज्ञता शिकवायची मला भारी हौस, हे आधीच सांगून टाकते. रत्नागिरीच्या वरच्या अंगाला सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, एक छोटी शाळा आहे, तिथे मी तिसरी-चौथीला शिकवते. मागे मुलांना शहरातल्या अग्निशमन केंद्रात घेऊन गेले. मुलांनी हाताने रंगवलेली भेटकार्डं जवानांना दिली, फोटो निघाले, जवान खूश झाले. तेवढ्यावर माझं समाधान होईना. मग मी वर्गात नियमच केला. बंब दिसला की रस्त्याच्या कडेला रांगेत उभं राहायचं, टाळ्या वाजवायच्या आणि एका सुरात "थँक्यू काका!" म्हणायचं. उन्हाळ्यात सड्यावरचं गवत पेटतं तेव्हा बंब शाळेवरूनच जातो. जवानही हात हलवायचे. मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि मी चार दिवस हवेत होते.

शाळेत खिचडी शिजवायला खालच्या वाडीतल्या एक बाई येतात. मुलं त्यांना मावशी म्हणतात, मी वहिनी. नवरा मुंबईला, घरी त्या आणि त्यांची गाभण गाय. ती व्याली की सगळ्या शाळेला खरवस, असं त्यांनी कबूल केलं होतं. मुलं रोज गायीची चौकशी करायची.

त्या दुपारी पंगत बसलेली असताना वाडीतून हाका ऐकू आल्या. वहिनींचा गोठा पेटला होता. हातातला डाव तिथेच टाकून त्या धावत सुटल्या. अग्निशमनला फोन मीच केला, खाणाखुणांसकट पत्ता नीट सांगितला. इथवर माझं काही चुकलं नाही.

पुढे मात्र अक्कल गहाण ठेवली. भोंगा ऐकू आला तशी मुलं ताटं सोडून उठली आणि सवयीने रांगेत उभी राहिली. मी त्यांना बसवायला हवं होतं. उलट "आवाज मोठा येऊ दे" असं मीच म्हटलं. बंब पुढे गेला, मुलं त्याच्यामागे वळणापर्यंत पळाली आणि मी मुलांच्या मागे. वाडीत उतरायला नुसती चिऱ्यांची पाखाडी, पायऱ्यापायऱ्यांची. बंब वरच अडला, जवान पाइप खांद्यावर घेऊन खाली धावले. गोठ्याच्या माळ्यावरचा पेंढा धडधडत होता. पाण्याची पहिली धार उडाली आणि वर उभ्या असलेल्या माझ्या वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. "थँक्यू काका! थँक्यू काका!"

वहिनींना दोघी शेजारणींनी धरून ठेवलं होतं. त्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं.

एक जवान खालून ओरडला, "ओ बाई, पोरांना गप करा! आत जनावर हाय!"

खरं सांगायचं तर मला आधी राग आला. मुलांसमोर माझ्याशी असं बोलतो म्हणजे काय! गायीचा विचार त्यानंतर मनात आला. त्या रागाची मला जेवढी लाज वाटते तेवढी टाळ्यांचीसुद्धा वाटत नाही.

गाय वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी येतील असं मला वाटलं नव्हतं, पण त्या आल्या आणि नेहमीसारखी चूल पेटवून कामाला लागल्या. मला त्यांच्या समोर जायचं धाडस होईना. मी वर्गात मुलांना काय चुकलं ते समजावलं, पंगतीच्या आधी त्यांना स्वयंपाकघरासमोर रांगेत उभं केलं आणि हाताने खूण केली. सगळी एका सुरात म्हणाली, "सॉरी मावशी!" कुणीतरी सवयीने टाळीही वाजवली.

वहिनी डाव हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. कुठे बघावं ते त्यांना कळेना.

"ऱ्हवंदे वो बाई," त्या म्हणाल्या. "पोरांना जेवू दे आदी. खिचडी निवली."

मुलं बसली, त्या वाढायला लागल्या. मी दाराशी उभी होते. सगळ्या वर्गाकडून माफी वदवून घेतली होती. गाय गेली त्याबद्दल मी स्वतः त्यांच्याशी एक शब्दही बोलले नव्हते.