सायकल येत नसलेल्या मुलीचे शनिवार

शिकायला नेदरलँड्सला निघाले तेव्हा विद्यापीठाने एक लांबलचक यादी पाठवली होती. गरम कपडे, विमा, बँकेचं खातं, सगळं होतं तिच्यात. सायकल चालवता यायला हवी, एवढं मात्र लिहिलं नव्हतं. तिकडच्या माणसांना ते सुचतही नसावं.

मला सायकल येत नव्हती. माझं लहानपण चाकणजवळच्या महाळुंग्यात गेलं. वडील धाराशिवकडून येऊन तिथल्या एका कंपनीत लागले आणि कंपनीच्या जवळच आम्ही एक खोली घेऊन राहायचो. दारापुढच्या रस्त्यावरून दिवसभर कंटेनर आणि नव्या गाड्या वाहणारे लांब ट्रेलर जायचे, त्यामुळे आईने सायकलीचा विषयच कधी घरात येऊ दिला नाही. पुढे पुनावळ्यात फ्लॅट घेतला, पण तोवर मी अकरावीत गेले होते आणि सोसायटीतल्या पोरांसमोर धडपडायची माझी तयारी नव्हती. बस होती, शेअर रिक्षा होती. काही अडलं नाही.

अडलं ते तिकडे. होस्टेलवर माझ्या मजल्यावर दोघी मैत्रिणी झाल्या. एक सांगवीची. सांगवी आणि औंध यांच्यामध्ये फक्त एक नदी, या एका मुद्द्यावर ती स्वतःला अस्सल पुणेकर समजायची आणि माझी ओळख ‘ही चाकणकडची’ अशी करून द्यायची. दुसरी इंडोनेशियाची. अंगाने लहानखुरी, बोलायला कमी, पण शनिवार उजाडला की डबा भरून तयार. शुक्रवारी संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात फोनवर नकाशा उघडून बसायच्या. कधी पवनचक्क्या, कधी चीजचा बाजार, कधी नुसतंच एखादं तळं. जायचं सायकलनेच.

मी कारणं द्यायला लागले. पहिल्या शनिवारी पोट दुखलं, दुसऱ्या शनिवारी कपडे धुवायचे होते. तिसऱ्या शनिवारी मी पौर्णिमेचा उपवास सांगितला. तो खपला, म्हणून दोन आठवड्यांनी परत तोच सांगितला. इंडोनेशियाची मैत्रीण आदराने मान हलवून गेली. सांगवीकरीण दारातच थांबली.

“एका महिन्यात किती पौर्णिमा असतात गं तुमच्याकडे?”

ती आत येऊन पलंगावर बसली आणि म्हणाली, “खरं सांग. सायकल येत नाही ना तुला?”

“येते. सवय गेलीय.”

“किती वर्षं झाली सवय जाऊन?”

“तेवीस,” मी म्हणाले. माझं वय तेव्हा तेवीस होतं.

ती इतकी हसली की दुसरी परत फिरून काय झालं ते बघायला आली. मग दोघींनी माझी शिकवणी सुरू केली. रविवारी सकाळी तिथलं सुपरमार्केट बंद असायचं, त्याच्यापुढे गाड्या लावायची मोठी मोकळी जागा होती. सायकल सांगवीकरणीची. ती एका कोपऱ्यात उभी राहून मराठीतून सूचना द्यायची आणि इंडोनेशियाची मैत्रीण कॅरिअर धरून मागे पळायची. सूचनांमधलं अक्षरही तिला कळत नव्हतं, तरी दर सूचनेला ती “येस” म्हणायची. तीन रविवार पळाली बिचारी. चौथ्या रविवारी मी एकटीने त्या जागेला पाच फेऱ्या मारल्या.

त्या दिवशी मी घरी फोन करून सांगून टाकलं. आईने आधी विचारलं, तिथे रस्त्यावर कंटेनर नसतात का? मी म्हटलं, सायकलींना इथे वेगळाच रस्ता असतो. पुढच्या आठवड्यात कळलं की तिने बुद्धविहारातल्या बायकांना सांगितलं, आमच्या पोरीसाठी तिथल्या सरकारने वेगळा रस्ता करून दिलाय.

मग मी एक जुनी काळी सायकल विकत घेतली आणि आमची पहिली सहल ठरली, समुद्रावर. होस्टेलपासून वीस किलोमीटर. वाटेत एका गावात कॉफीला थांबायचं होतं. रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना हिरवं रान, वारा पाठीमागून. मी सगळ्यांत पुढे होते. हे आपल्याला फारच छान जमतंय असं मला वाटायला लागलं.

गाव आलं, कॉफीचं दुकान दिसलं आणि मी ब्रेक दाबायला बोटं पुढे केली. शिकले त्या सायकलच्या हँडलला ब्रेक होते, हिच्या हँडलला ब्रेकच नव्हता. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, फक्त घंटी होती. ती मी वाजवली. दुकान मागे गेलं, गाव मागे गेलं. मागून दोघींचं ओरडणं ऐकू येत होतं. आधी वाटलं, कौतुक चाललंय.

पाय थांबवले तरी वारा पुढे ढकलत होता, आणि इतक्या वेगात पाय खाली टेकवायचं धाडस होईना. शेवटी समोर समुद्राचं पाणी अडवायला घातलेला मातीचा उंच बांध आला. रस्ता वळला, मी नाही वळले. गवताच्या चढावर सायकल हळू होत गेली आणि मी मेंढरांच्या मधोमध आडवी झाले. मेंढरं थोडी सरकली आणि परत चरायला लागली.

खाली कुंपण दुरुस्त करणारा एक म्हातारा शेतकरी चढून वर आला. त्याच्या भाषेतलं मला फक्त ‘धन्यवाद’ येत होतं, ते मी तीन वेळा म्हणाले. त्याने सायकल उचलली, मागचं चाक फिरवलं आणि हाताने पायडल उलटं दाबलं. चाक जागच्या जागी थांबलं. त्याने माझ्याकडे बघितलं, परत एकदा करून दाखवलं. तोवर दोघी धापा टाकत पोचल्या.

“अगं, उलटं पायडल मारायचं असतं,” सांगवीकरीण म्हणाली.

“आणि हे तू मला कधी सांगणार होतीस?”

“मला वाटलं, एवढं माहीत असेल.”

समुद्रावर आम्ही डबे उघडले. तिखट नूडल्स होत्या, माझ्याकडे घरून आलेली शेंगदाण्याची चटणी होती. माझ्या कोटाला मेंढरांचा वास येत होता, म्हणून दोघींनी मला वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसवलं. चटणी मात्र वरच्या अंगाला ठेवून घेतली.

परतताना वारा समोरून होता. अडीच तास लागले. शेवटचे पाच किलोमीटर सांगवीकरीण कुणाशी एक शब्द बोलली नाही. सोमवारी मला जिना उतरवेना, कठडा धरून आडवी आडवी उतरत लेक्चरला पोचले, आणि बघते तर ती तिथे माझ्याही नंतर आली.

त्या शुक्रवारी तिने स्वच्छ सांगितलं की या वेळी आपण ट्रेनने जाऊ या. आम्ही मतं घेतली. दोन विरुद्ध एक, सायकल.