दक्षिणेचा बांध

घरात चार पाहुणे जमले की कुणीतरी म्हणतंच, "ती मैदानाची गोष्ट सांग." मी आधी आढेवेढे घेते, कारण आढेवेढे घेतल्याशिवाय दुसऱ्यांदा कॉफी मिळत नाही. मग सांगते. दर वेळी मी त्यात थोडं मीठमसाला घालते असा घरच्यांचा आरोप आहे, आणि तो खरा आहे. म्हणून यंदा लिहून काढते. लिहिताना तरी हात आवरतो.

मी माहेरची पापनाशमची. लग्न झालं ते माझ्या सख्ख्या आत्याच्या धाकट्या मुलाशी. आमच्या तंजावरच्या मराठी घरांत ही रीतच आहे, त्यामुळे सासू कशी निघेल ही काळजी मला नव्हती. लहानपणी माझं नाक तिनेच पुसलं होतं. काळजी होती फुटबॉलची. ते घर फुटबॉलने झपाटलेलं होतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, कोर्टातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. गावातल्या एका फुटबॉल क्लबचे ते अध्यक्ष. नवरा त्याच क्लबात उजवीकडून पळायचा. मला मात्र लग्नानंतर कितीतरी दिवस वाटायचं, की मैदानात शिट्टी घेऊन फिरणारा माणूस दोन्हीकडच्यांशी भांडलेला आहे आणि म्हणून त्याला कुणी चेंडू देत नाही.

या क्लबाला कुणी धनी नव्हता. खेळ बघायला जे येऊन उभे राहत, त्यांचाच तो. त्यात मराठी होते, तमिळ होते, वकील होते, देवळात नादस्वरम वाजवणारे होते आणि त्यांची दाढी करणारेही होते. सगळं होतं, फक्त जागा नव्हती. दुसऱ्याच्या मैदानावर खेळायचं, आणि त्यांना हवं झालं की गोलचे खांब उपटून खांद्यावर टाकायचे आणि घरी यायचं. पुढे दोघे, मागे दोघे, मध्ये लांब खांब, आणि हरले असले तर कुणी बोलतही नसे. रस्त्यावरचे लोक बाजूला होऊन हात जोडत. मामंजींना याचा फार राग येई.

शेवटी एका जमीनदाराने गावाबाहेरचं एक जुनं, बुजत आलेलं कुळम दिलं. कुळम म्हणजे तळं. त्यात भात पिकत नव्हता आणि पाणीही ठरत नव्हतं. दक्षिणेच्या बाजूने पाण्याचा कालवा, कालव्यापलीकडे केवड्याचं बन. दिवसाढवळ्याही तिकडे गुरं जात नसत.

तळं भरायचं म्हणजे माती हवी. मामंजींनी नियम काढला. क्लबाचा भागीदार व्हायचं असेल त्याने स्वतःच्या अंगणातली किंवा शेतातली टोपलीभर माती स्वतःच्या डोक्यावरून आणायची. पहिल्या टोपल्या खड्ड्यात, शेवटची बांधावर. बांधावर जिथे ती ओतली तिथे त्या माणसाची बसायची जागा, कायमची. लोकांना हे फार आवडलं. दोन उन्हाळे गाव माती वाहत होतं. लाल माती, काळी माती, विहिरीतला गाळ. कुणाच्या टोपलीतून कोंबडीची पिसं निघाली, एका वकिलाच्या टोपलीतून त्याच्या बायकोचा हरवलेला चमचा निघाला आणि ती मोलकरणीची क्षमा मागायला गेली.

मग एक म्हातारे गृहस्थ आले. म्हणाले, क्लब काढणारा माझा थोरला भाऊ. तो गेला. त्याच्या नावाने एक टोपली घालू का?

नाही म्हणायला काय हरकत होती, असं मला आता वाटतं. पण मामंजी नियमांचे आणि रीतींचे भोक्ते. त्यांनी एक दिवस विचार केला आणि सांगितलं, घाला, पण गेलेल्यांची दिशा दक्षिण. त्यांची माती दक्षिणेच्या बांधावर. जिवंतांनी उरलेल्या तीन बाजूंना बसावं.

झालं. ज्याला त्याला आपापले गेलेले आठवले. आजोबा, मामा, लहानपणी गेलेला सोबती. कुणी माती ओतून वर चिमूटभर तीळ टाकी, कुणी विड्याचं पान ठेवी. पाहता पाहता दक्षिणेचा बांध बाकीच्या तिन्हींपेक्षा उंच झाला. साहजिकच होतं, पण ते आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. संध्याकाळी तीन बांधांवर माणसं बसत, गप्पा मारत, शेंगा खात, आणि समोर तो चौथा उंच बांध रिकामा असे. पाहुणे संघ विचारत, तिकडे कुणी का बसत नाही? आमचे लोक सांगत, बसलेत की.

आमच्या घराची एक टोपली मात्र ओतायची राहिली होती. त्यावरून घरात कुणी भांडत नव्हतं, आणि तेच वाईट होतं.

आत्याचा थोरला मुलगा, माझा मोठा दीर, युद्धाआधी मलायात रबराच्या मळ्यावर कारकून म्हणून गेला होता. जपानी तिथे उतरले आणि पत्रं थांबली. लढाई संपली, बोटी आल्या, माणसं आली. तो आला नाही, आणि गेला असंही कुणी सांगितलं नाही. शास्त्र असं, की बारा वर्षं वाट पाहायची आणि मग दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकायची. बारा वर्षं उलटून गेली होती. भटजी आठवण करून देत. मामंजी म्हणत, करून टाकू, आणि त्याची माती दक्षिणेला घालू. आत्या म्हणे, मी उत्तरेला घालणार, आला की बसेल. मामंजी म्हणत, उत्तरेची जागा जिवंताची आहे. आत्या म्हणे, मग?

त्या 'मग'पुढे कुणाचं काही चालत नसे. आत्याने परसातली माती टोपलीत भरली होती, तो जिथे खेळायचा तिथली, आणि टोपली विहिरीजवळ तशीच पडून होती. तिच्यात गवत उगवलं. आत्या मैदानाकडे फिरकली नाही.

त्या वर्षी मेट्टूर धरणाचं पाणी सुटलं, कालवा काठोकाठ भरला, आणि मैदान तयार झालं. उद्घाटनाचा सामना ठरला. त्याआधीच्या सरावात एकदा चेंडू उंच उडून दक्षिणेच्या बांधावरून पलीकडे गेला. सगळे थांबले, आता 'डुबुक' ऐकू येणार म्हणून. ते आलं नाही. थोड्या वेळाने चेंडूच परत आला. पलीकडे कुणी पोर असेल असं वाटून आमच्या गोलकीपरने "नन्री, तंबी" म्हणून आभार मानले, आणि खेळ पुढे चालू झाला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा माझा नवरा धावत बांधावर चढला. पलीकडे भरलेला कालवा होता आणि केवडा होता. उभं राहायला पाय ठेवण्याइतकीही जागा नव्हती. खाली उतरला तो चेंडू हातात घेऊन उलटसुलट बघत. चेंडू कोरडा होता.

त्या दिवसापासून त्या बाजूने पळायला कुणी तयार होईना. पंचांनी मामंजींना विचारलं, असा परत आलेला चेंडू कुणाचा धरायचा? मामंजींनी विचार करून निकाल दिला, की भागीदारांनी आपल्याच मैदानातला चेंडू परत केला, त्याला हरकत घेता येत नाही. लोक हसले. मामंजी हसले नाहीत. ते पश्चिमेच्या बांधावर आपल्या जागी रोज सगळ्यांआधी येऊन बसत आणि सगळ्यांनंतर उठत. आणि चेंडू दक्षिणेला जावा म्हणून ते मनातल्या मनात काहीतरी म्हणत असतात असं मला वाटायचं. मी हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तुला फुटबॉल कळत नाही.

ते खरंच होतं. पण पोटात काही ठेवणंही मला कधी जमलेलं नाही. इडलीचं वाटताना मी सगळं आत्याला सांगितलं. ती वरवंटा फिरवत होती, मी उडीद सारत होते. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं. मग तिने विचारलं, "येतो कसा?"

मी म्हटलं, येतो म्हणजे काय, येतो.

"सरळ येतो? टप्पे खात येतो?"

तेव्हा मला हाताने दाखवावं लागलं. ओल्या हातानेच दाखवलं. बांधाच्या टोकावरून निघतो. वाटतं, गोलच्या बाहेर चाललाय. आणि मग कुणी शेंडी धरून ओढल्यासारखा आत वळतो.

आत्याचा हात थांबला. मला आठवलं ते तेव्हा; आधी खरंच आठवलं नव्हतं. मी सहाएक वर्षांची असताना हा दीर सुट्टीत आमच्याकडे पापनाशमला आला होता. डाव्या पायाने मारायचा. आमच्या परसात नारळाच्या दोन झाडांमध्ये मला उभं करायचा आणि म्हणायचा, अडव. चेंडू भलतीकडे चाललाय म्हणून मी बेफिकीर उभी राहायचे, आणि तो वळून माझ्या पोटात बसायचा.

आत्याने वाटण पुरं केलं, हात धुतले, पातेल्यावर झाकण ठेवलं. संध्याकाळी म्हणाली, चल.

बायका मैदानावर जात नसत; मीही तोवर लांबून, रस्त्यावरूनच बघितलेलं. आम्ही दोघी पदर घेऊन पश्चिमेच्या बांधाशी, मामंजींपासून बऱ्याच अंतरावर उभ्या राहिलो. त्यांनी आम्हांला पाहिलं आणि मान वळवली. सूर्य मावळायला आला होता. खूप वेळ चेंडू दक्षिणेकडे गेलाच नाही, आणि मला बरं वाटलं. मग कुणाच्या तरी पायाला चुकीचा लागला आणि गेला.

केवड्याचा वास येत होता, इतका की डोकं दुखावं. आणि चेंडू आला. बांधाच्या वरून, बाहेर जाणारा, मग वळणारा. टप्पा खाऊन आमच्या समोर घरंगळला आणि थांबला.

मी आत्याचा हात धरला होता की तिने माझा, ते मला आजही सांगता येत नाही. घरी येऊन तिने रात्रीचं वाढलं, आणि मामंजींच्या पानात ताक वाढताना भात बुडाला तरी ती वाढतच राहिली. त्यांनीही नको म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन. नादस्वरम वाजत होतं, केळीचे खुंट बांधले होते, तीन बांध भरले होते. आत्या गवत उगवलेली ती टोपली डोक्यावर घेऊन आली. मी मागून. वजनाने तिची मान हलत होती, पण तिने मला हात लावू दिला नाही. लोकांनी वाट दिली. उत्तरेचा बांध आधी लागत होता. ती त्याच्यापुढून गेली.

मामंजी उठून धावले. इतके दिवस क्रिया करू म्हणणारा माणूस दक्षिणेच्या बांधाच्या पायथ्याशी तिच्या आडवा उभा राहिला.

"नको," ते म्हणाले. "ओतलीस तर थांबेल."

तेव्हा मला कळलं, की त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

"थांबू दे," आत्या म्हणाली.

"रोज येतोय गं तो. मी बघतोय."

"येतोय, पण बसणार कुठे? इथे ज्याची माती त्याची जागा, नियम तुमचाच ना? आपल्या भांडणापायी तो पाण्यात उभा आहे. दमला असेल हो. बाजूला व्हा."

नादस्वरम थांबलं होतं. पाहुण्या संघातली मुलं टाचा उंचावून बघत होती. मामंजी बाजूला झाले, आणि मग परत पुढे झाले आणि टोपलीला त्यांनी एका बाजूने हात लावला. दोघं मिळून बांधावर चढले. माती घट्ट बसली होती, गवताने धरलेली. उपडी केली तर पडेना. मामंजींनी बोटांनी कडा मोकळ्या केल्या. पडली ती अख्खी, टोपलीच्या आकाराची. आत्याने ती हाताने थापून सपाट केली. अंथरूण घालावं तशी.

सामना झाला. कोण जिंकलं ते मला विचारू नका, मला तेव्हाही कळलं नव्हतं. उत्तरार्धात कधीतरी चेंडू दक्षिणेच्या बांधावरून पलीकडे गेला. सगळे खेळाडू होते तिथे उभे राहिले. तीनही बांधांनी कान टवकारले. आणि स्वच्छ ऐकू आलं: डुबुक.

पंच थांबला. वाऱ्याने केवडा सळसळत होता, बाकी काही नाही. पाहुण्यांचा कप्तान माझ्या नवऱ्याला विचारत होता, अहो, आता कशाची वाट बघताय? कुणी जागचं हललं नाही.

शेवटी मामंजी उठले. त्यांनी चपला काढल्या, धोतर गुडघ्यांवर खोचलं आणि बांधाला वळसा घालून पलीकडे गेले. बराच वेळ दिसले नाहीत. एवढा, की आत्या उठून उभी राहिली. मग ते आले, छातीपर्यंत भिजलेले, चेंडू पोटाशी धरून. तो त्यांनी आत फेकला नाही. रेषेपर्यंत चालत आणला, खांद्यावरच्या कोरड्या उपरण्याने पुसला आणि माझ्या नवऱ्याच्या हातात दिला.