पुसलेला ठिपका

रडारच्या खोलीत त्यांना सगळे काका म्हणत. पृथ्वीजवळून एखादा लघुग्रह जाऊ लागला की त्याच्यावर लहरी सोडायच्या, परत येणाऱ्या लहरींतून उमटलेलं चित्र घ्यायचं आणि त्यातले उपरे ठिपके पुसून ते खोलीच्या प्रमुख मॅडमकडे द्यायचं, हे त्यांचं काम. उपरा ठिपका म्हणजे कधी विमान, कधी आसपासचं एखादं यंत्र. इतक्या वर्षांत हात असा बसला होता की ओट्यावरून फडकं फिरावं तसे ते ठिपके पुसत.

घरी बायको अंथरुणाला खिळलेली. दिवसा तिच्याजवळ मेहुणा बसे. दुपारी काका पोचले की तो सुटे आणि काकांची दुसरी पाळी सुरू होई.

त्या दिवशी सकाळी पडद्यावर लघुग्रहाच्या मोठ्या दगडाच्या उजवीकडे एक ठिपका उमटला. काकांचं बोट पुसायच्या बटणावर गेलं आणि तिथेच थांबलं. असाच ठिपका काल डावीकडे होता. काल त्यांनी तो पुसला होता.

"मॅडम, या दगडाला स्वतःचा चंद्र असावा."

"कालचं मूळ चित्र काढा."

"त्यावर आजचं चढलं. पुसलेलंच काय ते उरलंय."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "काका, लोक भांडी पुसतात, तुम्ही चंद्र पुसलात! एका ठिपक्यावर कोण विश्वास ठेवणार? आज संध्याकाळनंतर हा दगड आपल्या आवाक्याबाहेर जाईल."

"मग संध्याकाळपर्यंत बसतो," काका म्हणाले खरे, पण अंगात त्राण नव्हतं. त्यांनी घरी फोन लावून चंद्र शोधायचाय, उशीर होईल, असं सांगितलं.

"दाजी, मलाही घरदार आहे," मेहुणा कुरकुरला. मागून बायकोचा आवाज आला, "बस रे गप! तुला चहा मीच पाजला असता, पण उठवत नाही. अहो, या सावकाश."

काका बसून राहिले. पाठ भरून आली, डोळे चुरचुरू लागले. दर चित्रात ठिपका किंचित सरकत होता. ऊन उतरलं तेव्हा तो दगडाला वळसा घालून खालच्या अंगाला आला होता. मॅडमनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. मग म्हणाल्या, "आहे. चंद्रच आहे."

काकांनी नुसती मान हलवली. आनंद व्हायलाही अंगात थोडी ताकद लागते.

घरी पोचले तर मेहुणा चपला घालूनच बसला होता. तो गेल्यावर काकांनी बायकोला कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली.

"सापडला?"

"सापडला. आपल्या गल्लीएवढा असेल. मोठ्याभोवती फिरतोय."

"सारखा?"

"सारखा."

"दमत नसेल हो?"

काका तिचे पाय चेपू लागले. "त्याला कोण विचारतंय," ते म्हणाले.

"मी विचारते ना," ती म्हणाली. "बसा जरा. पाय नंतर."

काका बसले.