भाला नसलेली बाई

अमरावतीहून निघताना मी कपाळाला कुंकू लावलं. विधवेनं एकटीनं प्रवास करायचा म्हणजे शंभर प्रश्नांना तोंड द्यायचं. त्यापेक्षा खोटं कुंकू परवडलं. जलंबला गाडी बदलली तशी शेजारणीनं विचारलंच, "मालक काय करतेत?"

"नागपूरला सेक्रेटरिएटात कारकून आहेत," मी ठोकून दिलं.

खामगावात सरकीच्या वासानं डोकं उठलं. मोटार चिखलीपर्यंत दोनदा बंद पडली. पुढची वाट दमणीनं (हलक्या बैलगाडीनं) हाडं खिळखिळी करत संपवली. साखरखेर्ड्याला माझी विद्यार्थिनी इंदू हिचं लग्न होतं. पोचताच पातोडीची (बेसनाच्या वड्यांची) भाजी समोर आली. नाकाडोळ्यांतून पाणी वाहिलं, तरी मी पुन्हा मागून घेतली.

इकडं लग्नघराच्या दाराशी दोन्ही बाजूंना भालदार रंगवतात. इंदूच्या हट्टानं हे काम तिच्या विधवा आत्याकडं आलं होतं. डावीकडचा भालदार मिशीसकट झकास होता. उजवीकडं मात्र एक बाई उभी. कपाळ पांढरं, मनगटं मोकळी, तळहात पुढं उघडे.

"आत्याबाई, हिचा भाला कुठं आहे?"

"ज्याले भेव वाटते त्याले भाला लागते. इचं समदं जाऊन चुकलं. आता इले कायचं भेव?"

तेवढ्यात इंदूचे काका चुन्याची बादली घेऊन आले. "लग्नाच्या दारात रांडमुंड बाई? पुसा हे!" असलं अशुभ पुसायचं ते सवाष्णीच्याच हातानं, हा तिथला रिवाज. त्यांनी कुंचला माझ्यापुढं धरला. "मास्तरीणबाई, तुमी शिकेल, सवाष्ण. तुमीच पुसा."

आत्या नुसती माझ्याकडं पाहत राहिली. मला माझीच लाज वाटली, आणि मग रागही आला. मी तळव्यानं कपाळ खसकन पुसलं.

"मी सवाष्ण नाही. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. भिंतीवर आहे ना, तशीच आहे मी."

काका दुसऱ्या बायकांकडं वळले. हळदीनं माखलेली इंदू दारात येऊन उभी राहिली. "जिनं कुंचला उचलला, तिनं माह्या अक्षतेले येऊ नोको!"

कुणीही हात पुढं केला नाही. दुसऱ्या दिवशी नवरदेव त्याच दारातून आत आला आणि आभाळ काही कोसळलं नाही.

परतीच्या वाटेवर मनात आलं, इतकी वर्षं मी कुंकवाचाच भाला धरून हिंडत होते. जलंबला पुन्हा एक शेजारीण भेटली. कोऱ्या कपाळाकडं बघत तिनं विचारलं, "मालक काय करतेत?"

"वारले. मी शाळेत शिकवते आणि आत्ता एका लग्नाहून येते आहे."

ती अंग चोरून पलीकडं सरकली. मी ऐसपैस बसले.